चुकायला किती जागा?

ट्रॅक्टरला जोडलेली उसाची ट्रॉली रस्त्यानं पुढं न्यायला फारसं कसब लागत नाही. ट्रॅक्टर जाईल तिकडं ती मुकाट मागून येते. तीच ट्रॉली रिव्हर्स घेऊन कारखान्याच्या वजनकाट्यावर सरळ लावायची म्हटली, की नवख्या ड्रायव्हरला घाम फुटतो. ट्रॉली हातभर तिरकी झाली, की ट्रॅक्टरचा रेटा तिला आणखी तिरकी करतो आणि बघता बघता दोघं काटकोनात उभे राहतात. शेपटीला चाक असलेलं छोटं विमान उतरल्यावर जमिनीवर धावतं ते असं, रिव्हर्समधल्या ट्रॉलीसारखं. मुख्य दोन चाकं पुढं असतात, वजनाचा मध्य त्यांच्या मागं, आणि मागून रेटणारं ते वजन सरळ ठेवण्याचं काम वैमानिकाच्या दोन पायांकडं असतं.

नाकाखाली चाक असलेल्या विमानात हाच हिशेब उलटा आहे. तिथं वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढं येतो. विमान थोडं वाकडं टेकलं, तरी चाकांचं घर्षण मागून ओढून धरतं आणि नाक आपोआप सरळ होतं. शेपटीच्या चाकाच्या विमानात वाकडेपणा स्वतःलाच वाढवत नेतो. वेळेत आवरला नाही, तर शेपूट पुढं यायला बघते आणि विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, चाकाचा पाय मुडपतो, कधी प्रॉपेलर जमिनीवर आपटतो, आणि प्रॉपेलर आपटला म्हणजे इंजिन उघडून तपासणं आलंच. आतली माणसं बहुधा आपल्या पायांनी बाहेर येतात. छोट्या विमानांच्या अपघातांत उतरतानाचे अपघात संख्येनं सर्वांत जास्त आणि त्यांतले जीवघेणे फार थोडे, हे चित्र अमेरिकेतल्या नोंदी वर्षानुवर्षं दाखवत आल्या आहेत.

माणूस दगावत नाही, म्हणून या प्रश्नाकडं जरा कानाडोळा होतो. मला ते पटत नाही. एका ग्राउंड लूपनं क्लबचं एकुलतं एक विमान महिनोन् महिने हँगरमध्ये अडकतं, विम्याचा हप्ता चढतो, आणि आतल्या पोराच्या मनात जे बसतं ते विमान दुरुस्त झाल्यावरही जात नाही. हे विमान अवघड की सोपं, यावर वैमानिकांच्या अड्ड्यावर तासन् तास बोलणं होतं. खरा प्रश्न मला वेगळा वाटतो: शिकणाऱ्याला चुकायला किती जागा मिळते, आणि ती चूक सावरायला शिकवणाऱ्याच्या हाती किती वेळ उरतो?

ही जागा पूर्वी बरीच होती. विमानविद्येच्या पहिल्या काही दशकांत जवळपास सगळीच विमानं शेपटीवर टेकत, आणि शेपटीला चाकही नसे, नुसती घसरपट्टी असे. ती गवतात रुतून ओढत यायची, तोच ब्रेक आणि तोच नांगर. टायगर मॉथ या शिकाऊ विमानाला चाकांचे ब्रेक नव्हतेच. विमानतळ म्हणजे चौफेर मोकळं मैदान. वारा ज्या दिशेनं असेल तिकडं तोंड करून उतरायचं, त्यामुळं आडवा वारा हा प्रकार शिकाऊ पोराच्या वाट्याला क्वचितच यायचा. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला आणलं ते पस मॉथ याच जातीचं, आणि जुहूचं मैदानही तसंच. पावसाळ्यात तिथं पाणी साचायचं, म्हणून टपालाची विमानं तेवढे महिने पुण्याहून उडत.

मग मैदानावर धावपट्टी आली. एकाच दिशेची, डांबराची किंवा काँक्रीटची. वारा आपल्या मर्जीनं वाहत राहिला आणि विमानाला मात्र ठरल्या रेषेत उतरणं भाग पडलं. वर डांबरावर टायर जसा घट्ट पकडतो तसा गवतावर पकडत नाही. गवतावर किंचित तिरकं टेकलेलं विमान बाजूला थोडं घसरून सावरतं. डांबर ते घसरणं माफ करत नाही, चाक तिथंच धरून ठेवतं आणि वरचा सगळा डोलारा त्याच्याभोवती फिरवतं. शेपटीच्या चाकाची विमानं बदनाम झाली त्यात या धावपट्टीचा वाटा मोठा आहे, आणि तो पुरेसा बोलला जात नाही.

त्या बदनामीवर तोडगा म्हणून नाकाखालचं चाक आलं. फ्रेड वाइक या अमेरिकन अभियंत्याचं एर्कूप १९४०च्या सुमारास बाजारात आलं. त्याला नाकाखाली चाक होतं आणि रडरची, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची, पायपट्टी नव्हतीच. सेसनानं आपल्या १७० या शेपटीवर टेकणाऱ्या विमानावरून १९५६ साली १७२ बाजारात आणलं, आणि पुढं १४०ची जागा १५०नं घेतली. शिकवणं सोपं झालं, शाळा वाढल्या. हा बदल चांगलाच होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण पायांना जे शिक्षण आपोआप मिळत होतं, ते त्या दिवसापासून बंद झालं.

आपल्याकडं हा बदल उशिरा झाला. कोल्हापूरच्या मातीतले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले आणि बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ घडलं. १९५१च्या ऑगस्टमध्ये त्यानं पहिलं उड्डाण केलं. एकामागं एक दोन आसनं आणि शेपटीला चाक. वायुसेनेतल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी आयुष्यातलं पहिलं लँडिंग त्याच्यावर केलं. १९५८ साली पुष्पक उडालं, तेही शेपटीच्या चाकाचं, आणि ते देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत पोहोचलं. पुढं वायुसेनेत एचटी-२च्या जागी नाकचाकाचं एचपीटी-३२ आलं, क्लबांत सेसना रुळलं. आज बारामतीला, शिरपूरला किंवा गोंदियाला व्यावसायिक परवान्यासाठी शिकणाऱ्या मुलानं शेपटीच्या चाकावर बहुधा एकही लँडिंग केलेलं नसतं, आणि बऱ्याचदा त्याच्या इन्स्ट्रक्टरनंही नसतं. त्यामुळं पुढं कधी ग्लायडर ओढणारं, पिकांवर फवारणी करणारं, कसरतीचं किंवा जुनं जपलेलं विमान चालवायची वेळ आली, की शेकडो तास उडालेला माणूस पहिलीच्या वर्गात बसतो.

अमेरिकेत यासाठी नियम आहे. १५ एप्रिल १९९१पूर्वी ज्यानं अशा विमानाचा मुख्य वैमानिक म्हणून उड्डाणाची नोंद केलेली नाही, त्याला प्रशिक्षण घेऊन इन्स्ट्रक्टरची सही लॉगबुकात घ्यावी लागते. काय शिकवायचं तेही नियमात आहे: साधी आणि आडव्या वाऱ्यातली उड्डाणं व उतरणं, फक्त पुढच्या दोन चाकांवर उतरणं (उत्पादकानं नको म्हटलं असेल तर सोडून), आणि उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, म्हणजे गो-अराउंड. युरोपातही असंच वेगळं प्रशिक्षण आणि लॉगबुकातली नोंद लागते. अमेरिकन नियमात तासांचा आकडा मात्र नाही. विद्यार्थी तयार झाला असं इन्स्ट्रक्टरला वाटलं की सही. म्हणजे सगळी मदार इन्स्ट्रक्टरवर, आणि पाहायचं ते इथंच.

पायपर जे-३ कब घेऊ. ६५ अश्वशक्तीचं इंजिन, भरलेलं वजन साधारण साडेपाचशे किलो, आणि ताशी साठेक किलोमीटरच्या आत वेग आला की पंख हवा सोडून देतात. एकट्यानं उडवायचं तर मागच्या आसनावरून, कारण तोल तसाच साधतो. म्हणून विद्यार्थी मागं बसतो आणि इन्स्ट्रक्टर पुढं. विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढं इन्स्ट्रक्टरची पाठ. वेगाचा काटा त्या पाठीआड. विमान उतरण्याच्या पवित्र्यात आलं की नाक वर येतं आणि समोरची धावपट्टी दिसेनाशी होते. उरतात डाव्या-उजव्या कडा. नवखा मान वाकडी करून समोरचं बघायला धडपडतो, आणि मान कलली की हातही कलतो. कडांवर नजर सैल सोडून दोन्ही बाजूंचं गवत सारखं सरकतंय की नाही एवढंच पाहायचं असतं. यासाठी चांगले इन्स्ट्रक्टर इंजिन सुरू करण्याआधी विद्यार्थ्याला नुसतंच दहा मिनिटं आसनावर बसवतात. उभ्या विमानातून क्षितिज जिथं दिसतं, टेकतानाही ते तिथंच दिसायला हवं. फुकटात मिळणारा याहून चांगला धडा नाही.

आता टेकण्याचा क्षण. नियंत्रणाची स्टिक पोटापर्यंत ओढलेली, तिन्ही चाकं एकदम लागतात, गवताची खरखर पायांखालून येते. विद्यार्थी सुस्कारा सोडतो, आणि त्याच्याबरोबर स्टिकवरचा हातही सैल होतो. नाकचाकाच्या विमानानं लावलेली ही सवय इथं घात करते. स्टिक मागं असेपर्यंत शेपटीचं चाक जमिनीत दाबलेलं असतं. सैल सोडली की ते हलकं होतं. पहिले काही क्षण वेग असतो, रडरला हवा लागते, पायानं सांगितलेलं विमान ऐकतं. शेवटी चालण्याच्या वेगाला शेपटीचं चाक आणि ब्रेक ऐकतात. या दोन्हींच्या मधे काही सेकंदांचा एक पट्टा असतो, जिथं रडर निम्माअर्धा झालेला असतो आणि शेपटीच्या चाकाची पकड अजून पुरी बसलेली नसते. बहुतेक ग्राउंड लूप इथंच जन्माला येतात. पाय इथं लहान लहान आणि लवकर हलायला हवेत: दाब, सोड, दुसरा दाब, सोड. नवखा एक पाय देतो आणि विमान वळेपर्यंत तो धरून ठेवतो. ते वळतं, तोवर उशीर झालेला असतो, मग दुसऱ्या बाजूला दुप्पट जोर. तिसऱ्या हेलकाव्याला विमान हातचं जातं.

इन्स्ट्रक्टरनं इथं काय करायचं? रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१७मध्ये गॉस्पोर्टला याचं उत्तर शोधायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात लढाईआधी, शिकतानाच, खूप वैमानिक मरत होते. स्मिथ-बॅरीनं एव्हरो ५०४मध्ये दोघांनाही नियंत्रणं दिली आणि इंजिनाच्या गोंगाटात बोलता यावं म्हणून कानापर्यंत जाणारी नळी आणली, जी पुढं गॉस्पोर्ट ट्यूब म्हणून ओळखली गेली. त्याचा आग्रह असा की विद्यार्थ्याला धोक्यापासून लांब ठेवू नका, धोक्यात न्या आणि बाहेर पडायला शिकवा. आजचं सगळं उड्डाणशिक्षण या एका विचारावर उभं आहे. पण हा विचार हजार मीटर उंचीवर जितका सहज चालतो, तितका जमिनीपासून हातभर अंतरावर चालत नाही. वर विमान कोसळायला लागलं तर सावरायला खाली मोकळी हवा असते. धावपट्टीवर बाजूला फक्त धावपट्टीची रुंदी असते.

यातून दोन चुका होतात, आणि दोन्ही चांगल्या माणसांच्या हातून होतात. पहिली गुपचूप मदतीची. इन्स्ट्रक्टरचे पाय पायपट्टीवर असतात, विमान जरा वळलं की तो न बोलता हलकेच सरळ करतो. विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला जमलं. दहा लँडिंग सुरेख होतात, लॉगबुकात सही पडते, आणि अकरावं तो एकटा करतो. तेव्हा कळतं की दहाही लँडिंग दोघांची मिळून होती. दुसरी चूक उशिराची. शिकू दे, चुकू दे म्हणत इन्स्ट्रक्टर थांबतो, आणि हात घालतो तोवर चूक त्याच्याही हाताबाहेर गेलेली असते. त्यातच घाबरलेल्या विद्यार्थ्याचे दोन्ही पाय खांबासारखे ताठ होतात, आणि त्या ताठ पायांविरुद्ध कुणाचीच ताकद चालत नाही. काही जुन्या विमानांत ब्रेक एकाच बाजूच्या आसनाला असतात, तिथं तर इन्स्ट्रक्टरच्या हाती शेवटचं हत्यारही नसतं.

यावर उपाय उड्डाणाआधी जमिनीवरच करायचा असतो. कुठल्या क्षणी विमान मी घेणार, हे आधी बोलून ठरवायचं. टेकताना विमान बाजूला सरकत असेल तर मी घेणार. एकदा उसळलं तर थ्रॉटल पुढं करून वर जायचं, दुसऱ्या उसळीची वाट बघायची नाही. चाक धावपट्टीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्याच्या बाहेर गेलं तर मी घेणार. आणि ‘माझ्याकडं’ असं मी म्हणालो की हात-पाय पूर्ण सोडून ‘तुमच्याकडं’ म्हणायचं, मान हलवून भागणार नाही. या हद्दी इन्स्ट्रक्टरच्या स्वतःच्या तयारीवर बेतायला हव्यात. या विमानावर शंभर तास काढलेल्या इन्स्ट्रक्टरनं, हजार तास काढलेल्याइतकं थांबू नये. आणि मदत केली तर ती तिथल्या तिथं बोलून दाखवावी: उजवा पाय माझा होता. हे एक वाक्य विद्यार्थ्याला खोट्या भरवशापासून वाचवतं.

तीन चाकांवर टेकायचं की दोन, हा या क्षेत्रातला जुना वाद. हलक्या शिकाऊ विमानात आधी तीन चाकांवरच शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. टेकताना वेग सर्वांत कमी असतो आणि शेपटीचं चाक पहिल्या क्षणापासून जमिनीवर असतं. दोन चाकांवर उतरताना समोरचं दिसतं आणि झोताच्या वाऱ्यात विमान ताब्यात राहतं हे खरं. डकोटासारखं मोठं विमान वैमानिक सहसा तसंच उतरवत, आणि त्याच्या शेपटीच्या चाकाला सरळ कुलूप घालायची सोयही होती. पण दोन चाकांवर धावताना शेपूट कधीतरी खाली आणावीच लागते, आणि ती येते नेमकी त्या अर्ध्या-अधुऱ्या पट्ट्यात. म्हणून ते नंतर, पण सहीच्या आधी नक्की.

वारा हा वादाचा नव्हे, हिशेबाचा विषय आहे. हवेतला वेग ४० नॉट असताना टेकायचं असं धरू. समोरून १० नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ३०, पाठीमागून तेवढाच असेल तर ५०. विमान थांबवायला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. ‘थोडासाच मागून आहे’ म्हणून उतरणाऱ्यानं हा आकडा ध्यानात ठेवावा. १५ नॉटचा वारा धावपट्टीशी ३० अंशांत असेल तर त्यातला साडेसात नॉट आडवा लागतो, ६० अंशांत असेल तर १३. सुरुवातीचे धडे शांत सकाळी द्यावेत, पण आडवा वारा न दाखवता एकट्याला सोडू नये. वाऱ्याकडचा पंख खाली, त्या बाजूचं चाक आधी जमिनीवर, आणि थांबेपर्यंत स्टिक मागं आणि वाऱ्याच्या बाजूला. हे थांबेपर्यंतचं बहुतेक जण विसरतात.

गो-अराउंडबद्दल एक सावधगिरी. ग्राउंड लूपमध्ये माणूस वाचतो. फसलेल्या गो-अराउंडमध्ये वाचेलच असं नाही. उसळलेलं, वेग संपलेलं विमान नाक वर असताना एकदम पूर्ण ताकद दिली की बाजूला ओढ घेतं. बहुतेक अमेरिकन इंजिनांवर ही ओढ डावीकडं असते. पाय तयार नसेल तर पंख पडतो. म्हणून गो-अराउंड हा बिघडलं तर करायचा उपाय म्हणून सांगून सोडू नये. चांगल्या चाललेल्या उतरणीतूनही तो पुनःपुन्हा करून घ्यावा.

यंत्राकडंही पाहावं लागतं. शेपटीच्या चाकाच्या ढिल्या स्प्रिंगा, एका टायरात कमी हवा, अडकून राहणारा एक ब्रेक, किंचित आत वळलेलं चाक, यांतलं काहीही विद्यार्थ्याच्या नावावर चूक म्हणून जमा होऊ शकतं. जाड तळव्याचे बूट घालून आलेल्याला परत पाठवावं. टाचेनं दाबायच्या ब्रेकवर तळवा कधी चढतो ते त्याला कळतही नाही.

आणि आता शाळांमधल्या एका रूढीबद्दल. टच-अँड-गो, म्हणजे टेकायचं आणि न थांबता लगेच पुन्हा उडायचं. तासाभरात फेऱ्या जास्त होतात, पैसे वाचतात, लॉगबुकातला लँडिंगचा आकडा फुगतो. नाकचाकाच्या विमानात हे चालून जातं. शेपटीच्या चाकाच्या विमानात टेकल्यापासून थांबेपर्यंतचा जो पट्टा शिकायचा असतो, तोच यात गाळला जातो. पन्नास वेळा टेकलेल्या विद्यार्थ्यानं वेग मरत असताना विमान सरळ ठेवण्याचं काम दहा वेळाही केलेलं नसतं, आणि एकटा गेल्यावर नेमकं तेच त्याच्या गळ्यात पडतं. उलट पूर्ण थांबायचं, वळून टॅक्सी करत धावपट्टीच्या टोकाला परत यायचं, या वाटेत बोलायला दोन-तीन मिनिटंही मिळतात. टॅक्सी करतानाही पाय शिकत असतात. अशा सात-आठ लँडिंगनंतर पाय थकतात आणि त्यापुढचं शिकणं उलटं जायला लागतं. तेव्हा उतरून चहा घ्यावा.

या विमानांवर शिकवणाऱ्या प्रत्येकाला आणि शिकवायला नेमणाऱ्या प्रत्येक क्लबाला माझी विनंती एवढीच आहे: विद्यार्थ्याला एकट्यानं सोडेपर्यंत टच-अँड-गो बंद करा. प्रत्येक लँडिंग विमान पूर्ण थांबेपर्यंत न्या, आणि त्याच लँडिंगांची नोंद धरा.